उसने चुंबकत्व : शुक्र, मंगळ आणि एका वादाची सव्वीस वर्षे

पृथ्वीचे चुंबकत्व हे आपले कवच आहे, ते नसते तर सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याने आपले वातावरण केव्हाच उडवून नेले असते, आणि बिचाऱ्या मंगळाचे नेमके तसेच झाले : हे विधान आपण लेखांतून, व्याख्यानांतून, आता मोबाइलवरच्या चित्रफितींतूनही इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. त्या विधानात दोन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे, की ज्या ग्रहाला स्वतःचे चुंबकत्व नाही त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्रच नसते. दुसरे असे, की असा ग्रह सूर्यापुढे उघडा पडतो. यांतले पहिले गृहीतक साफ चुकीचे आहे. दुसऱ्याबद्दल जाणकारांत आजही एकमत नाही.

शुक्राला स्वतःचे चुंबकत्व नाही. मंगळालाही आज ग्रहव्यापी चुंबकत्व नाही. तरीही दोघांभोवती चुंबकीय क्षेत्र आहे, त्याला पुढे आघाडी आहे आणि मागे लांबलचक शेपटी आहे. हे क्षेत्र सूर्याचे आहे. सूर्याच्या वाऱ्याबरोबर ते वाहत येते, ग्रहाला अडते आणि त्याच्याभोवती लपेटले जाते. त्याला मी या लेखात ‘उसने चुंबकत्व’ म्हणतो. शास्त्रीय मराठीत ‘प्रवर्तित चुंबकांबर’ म्हणता येईल. ते उसने आहे हे ओळखायला माणसाला बराच काळ लागला. मंगळाच्या बाबतीत तर हा वाद १९७१ पासून १९९७ पर्यंत चालला. त्या वादाचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण हाती आलेले मोजमाप खरे असूनही त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागू शकतो, हे त्यातून फार स्वच्छ दिसते.

धूमकेतूची शेपटी

या कथेची सुरुवात ग्रहांपासून होत नाही, धूमकेतूंपासून होते. धूमकेतूची एक शेपटी धुळीची असते व ती थोडी वाकलेली दिसते. दुसरी विद्युतभारित वायूची. ती जवळजवळ सरळ सूर्याच्या विरुद्ध दिशेला ताणलेली असते. ही दुसरी शेपटी नुसत्या प्रकाशाच्या दाबाने इतक्या वेगाने मागे रेटली जाऊ शकत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बियरमान यांनी १९५१ साली मांडले. सूर्यातून सतत, सर्व दिशांना, कणांचा झोत बाहेर पडत असला पाहिजे, असे त्यांचे अनुमान होते.

१९५७ मध्ये स्वीडनच्या हानेस आल्फवेन यांनी त्यात चुंबकत्वाची भर घातली. विद्युतभारित वायू आपल्याबरोबर चुंबकीय क्षेत्र वाहून नेतो, हे आल्फवेन यांचे जुने सूत्र. असा वायू धूमकेतूवर येऊन आदळला तर काय होईल? धूमकेतूभोवतीच्या दाट वायूत त्याचा वेग मंदावेल. चुंबकीय रेषांचा मधला भाग तिथे अडकेल, दोन्ही टोके मात्र वाऱ्याबरोबर पुढे निघून जातील. वाहत्या ओढ्यात रोवलेल्या खुंटाला गवताची लांब काडी अडकावी आणि तिची दोन्ही टोके प्रवाहाबरोबर खाली लोंबावीत, तसे. म्हणजे शेपटीच्या एका अर्ध्या भागात चुंबकीय रेषा सूर्याकडे तोंड करून असतील, दुसऱ्या अर्ध्या भागात पाठ करून. आल्फवेन यांच्या या चित्राची थेट पडताळणी व्हायला ११ सप्टेंबर १९८५ उजाडावा लागला. त्या दिवशी ‘आयसीई’ हे यान जाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतून आरपार गेले आणि त्याला दोन उलट दिशांच्या पट्ट्या सापडल्या.

दरम्यान १९५८ मध्ये शिकागो विद्यापीठातील यूजीन पार्कर यांनी हा झोत गणिताने सिद्ध केला. सूर्याचे प्रभामंडळ इतके तप्त आहे की ते स्थिर राहूच शकत नाही. ते सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर वाहणारच. ‘सौरवात’ हा शब्द तेव्हापासूनचा. पार्कर यांचा निबंध दोन परीक्षकांनी नाकारला होता. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. परीक्षकांनी गणितात चूक दाखवलेली नाही, एवढ्या आधारावर त्यांनी तो छापला. चंद्रशेखर यांच्या नावावर मोठमोठे शोध आहेत, पण संपादक म्हणून त्यांनी घेतलेला हा निर्णय मला त्या शोधांच्या रांगेतच बसवावासा वाटतो.

पुढच्याच वर्षी सोव्हिएत ‘लूना-२’ वरील कॉन्स्टंटिन ग्रिंगाउझ यांच्या उपकरणांनी हे कण मोजले. १९६२ साली अमेरिकेच्या ‘मरिनर-२’ ने शुक्राकडे जाताना महिनोन्‌महिने त्यांची नोंद ठेवली. वारा कधी मंद, कधी वेगवान होता, पण थांबला म्हणून नव्हता. पृथ्वीजवळ त्याचा वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर असतो आणि एका घनसेंटिमीटरमध्ये त्याचे जेमतेम पाच-दहा कण असतात. त्यासोबतचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ५ नॅनोटेस्ला. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे क्षेत्र २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला असते, हे लक्षात घेतले तर हा वारा किती क्षीण आहे ते समजेल. ग्रहांचा परिसर घडवण्याचे काम मात्र हाच वारा करतो.

शुक्र : अडथळा कशाचा?

‘मरिनर-२’ १४ डिसेंबर १९६२ रोजी शुक्राजवळून सुमारे ३५ हजार किलोमीटर अंतरावरून गेले. चुंबकीय क्षेत्र काही दिसले नाही. पण एवढ्या लांबून न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. पाच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९६७ ला सोव्हिएत ‘व्हेनेरा-४’ शुक्राच्या वातावरणातच शिरले आणि दुसऱ्याच दिवशी ‘मरिनर-५’ सुमारे चार हजार किलोमीटरवरून गेले. व्हेनेरावरचा चुंबकत्वमापक श्माया दोल्गिनोव्ह यांच्या गटाने बनवला होता. चंद्राला ग्रहासारखे चुंबकत्व नाही हे ‘लूना-२’ वरून दाखवणारेही तेच. शुक्राचे स्वतःचे चुंबकत्व असलेच तर अगदी नगण्य आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि तो टिकला.

दोन्ही यानांना आणखी एक गोष्ट आढळली. शुक्राच्या पुढे सौरवात एकाएकी मंदावत होता, तापत होता, गोंधळत होता. वेगाने जाणाऱ्या होडीच्या नाळेपुढे पाण्याची लाट उभी राहते तसा हा आघात-तरंग. चुंबकत्व नाही, तर मग वारा अडतो कशाला?

त्याच वर्षी चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘एक्स्प्लोरर-३५’ ने तुलनेसाठी उत्तम उदाहरण पुरवले. चंद्रापुढे असा तरंग नव्हता. कण चंद्राच्या मातीत शोषले जात होते आणि सौरवाताचे चुंबकीय क्षेत्र चंद्रातून जवळजवळ तसेच पलीकडे जात होते, कारण चंद्राचा बाह्य खडक विजेचा वाईट वाहक आहे. शुक्राकडे मात्र दाट वातावरण आहे. सूर्याची अतिनील किरणे त्याच्या वरच्या थरातील अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात आणि तिथे विद्युतवाहक असा थर, म्हणजे आयनांबर, तयार होतो. बदलते चुंबकीय क्षेत्र वाहकाजवळ आले की वाहकात प्रवाह सुरू होतात, आणि ते प्रवाह आत येऊ पाहणाऱ्या क्षेत्राला विरोध करणारे क्षेत्र निर्माण करतात. शाळेत तांब्याच्या वेटोळ्यात चुंबक सरकवून दाखवतात तोच हा नियम. आयनांबर सौरवाताच्या क्षेत्राला आत येऊ देत नाही. ते बाहेर साचते, दाटते, आणि मग आल्फवेन यांच्या धूमकेतूप्रमाणे दोन्ही बाजूंनी ग्रहाला वळसा घालून मागे ओढले जाते.

हे सारे तपशीलवार दाखवले ‘पायोनियर व्हीनस’ने. हे यान ४ डिसेंबर १९७८ ला शुक्राभोवती फिरू लागले आणि ऑक्टोबर १९९२ पर्यंत, चौदा वर्षे, काम करत राहिले. त्याच्या चुंबकत्वमापकाचे प्रमुख होते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील ख्रिस्तोफर रसेल. वाऱ्याचा दाब साधारण असताना आयनांबर आतून बहुतांशी क्षेत्रमुक्त राही, त्यात फक्त पीळ दिलेल्या दोरांसारखे बारीक चुंबकीय धागे सापडत. दाब वाढला की बाहेरचे क्षेत्र आयनांबरातही घुसे. पृथ्वीचे चुंबकत्व सौरवाताला सूर्याच्या बाजूस सुमारे ६४ हजार किलोमीटरवर रोखून धरते. शुक्राची ही सीमा पृष्ठभागापासून अवघ्या काहीशे किलोमीटरवर असते. कवच आहे, पण अंगाला चिकटलेले आहे.

कुलाबा ते अलिबाग : आपले आणि परके

मंगळाच्या वादाकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न स्पष्ट करायला हवा. चुंबकत्वमापक फक्त त्या ठिकाणचे क्षेत्र सांगतो. ते कुणाचे, हे सांगत नाही. हा प्रश्न अंतराळयुगाच्या कितीतरी आधीचा आहे आणि आपल्या दाराशीही येऊन गेलेला आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात तिथले आडवे क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. आजचे अभ्यासकही त्या वादळाची तीव्रता ठरवताना कुलाब्याच्या या नोंदीचा आधार घेतात. ती घसरण पृथ्वीच्या पोटातून आलेली नव्हती, वर अवकाशात वाहणाऱ्या प्रवाहांची ती छाया होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहांनी नोंदी बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात चुंबकीय विभाग अलिबागला हलवला गेला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या मालिकेचा सांधा जुळावा.

पृथ्वीचे चुंबकत्व मुख्यतः तिच्या आतून येते, हे गाउस यांनी १८३९ मध्ये गणिताने दाखवले होते. त्यांच्या पद्धतीला मात्र एक अट आहे : ग्रहाच्या सर्व बाजूंनी, ठिकठिकाणची मोजमापे हवीत. एखाद्या यानाने ग्रहाजवळून एकच रेघ मारली तर ती पद्धत वापरता येत नाही. मंगळाच्या बाबतीत सगळ्यांची अडचण इथेच झाली.

मंगळ : वादाची मांडणी

‘मरिनर-४’ जुलै १९६५ मध्ये मंगळापासून सुमारे ९,८०० किलोमीटरवरून गेले. मंगळाचे चुंबकत्व पृथ्वीच्या एक हजारांशाहूनही कमी असले पाहिजे, एवढेच त्यातून कळले. १९७१ च्या अखेरीस सोव्हिएत ‘मार्स-२’ आणि ‘मार्स-३’ मंगळाभोवती फिरू लागली, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘मार्स-५’. ही याने मंगळाच्या जवळ, पण हजार किलोमीटरहून अधिक उंचीवर येत. तिन्हींवर दोल्गिनोव्ह यांची उपकरणे होती. मंगळाजवळ येताच क्षेत्र सौरवातातल्या क्षेत्राच्या कित्येक पट वाढते, असे त्यांना दिसले. दोल्गिनोव्ह यांनी निष्कर्ष काढला : हे मंगळाचे स्वतःचे क्षेत्र आहे, आणि विषुववृत्तावर ते सुमारे ६० नॅनोटेस्ला असावे.

लक्षात घ्यायला हवे की हाच माणूस आधी चंद्राचे आणि शुक्राचे चुंबकत्व नाही म्हणून सांगणारा होता. जिथे दिसले नाही तिथे त्याने नाहीच म्हटले होते. त्यामुळे ‘मंगळाला आहे’ हे त्याचे म्हणणे हलके घेण्यासारखे नव्हते.

१९७८ साली रसेल यांनी लागोपाठ दोन छोटे निबंध लिहून ‘मार्स-३’ आणि ‘मार्स-५’ ची तीच मोजमापे पुन्हा तपासली. त्यांनी आकड्यांवर शंका घेतली नाही. त्यांचे म्हणणे असे, की यान जिथे होते तिथे सौरवाताचेच दाबले गेलेले, ग्रहाला लपेटलेले क्षेत्र असायला हवे आणि दिसलेल्या दिशा त्याच्याशी जुळतात. मग मंगळाच्या स्वतःच्या क्षेत्राची गरज उरत नाही. दोल्गिनोव्ह यांनी ते मानले नाही.

दोल्गिनोव्ह यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता, आणि तो अमेरिकेच्याच यानांनी पुरवला होता. १९७६ मध्ये मंगळावर उतरताना दोन्ही ‘व्हायकिंग’ यानांनी आयनांबरातील वायूचा दाब मोजला. तो सौरवाताचा नेहमीचा दाब पेलायला अपुरा होता. शुक्राचे आयनांबर वाऱ्याला थोपवू शकते हे ठीक. मंगळाचे इतके दुबळे आहे, तर उरलेला दाब कोण पेलते? ग्रहाचे स्वतःचे चुंबकत्व, हे सरळ उत्तर होते. आणि व्हायकिंगवर चुंबकत्वमापकच नव्हता. १९७४ नंतर पंधरा वर्षे मंगळाजवळ कुणी चुंबकीय क्षेत्र मोजलेच नाही. वाद जुन्या आकड्यांवरच चालला.

वादाची तड लावणारी कसोटी तत्त्वतः सोपी होती. सौरवाताच्या क्षेत्राची दिशा दर काही दिवसांनी उलटते. शेपटीतील क्षेत्र ग्रहाचे असेल तर ते या उलटापालटीला जुमानणार नाही. उसने असेल तर वाऱ्याबरोबर तेही उलटेल. सोव्हिएत ‘फोबोस-२’ २९ जानेवारी १९८९ ला मंगळाभोवती पोहोचले आणि २७ मार्चला त्याच्याशी संपर्क तुटला. हाती दोनच महिने आले, पण ते पुरले. शेपटी वाऱ्याबरोबर उलटत होती. त्यावरचा निबंध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोल्गिनोव्ह यांचे जुने सहकारी येरोशेन्को यांचे नाव पहिले आहे, आणि त्याच यादीत रसेल यांचेही. शीतयुद्धाच्या काळात सुरू झालेल्या वादातील दोन्ही बाजू अशा एका पानावर आलेल्या पाहून मला बरे वाटले.

बिघडलेल्या पंखाचे उपकार

तरी ‘फोबोस-२’ साधारण साडेआठशे किलोमीटरच्या खाली आले नव्हते. आयनांबराच्या खालून, खुद्द मंगळाजवळून मोजल्याशिवाय शेवटचा शब्द लिहिता येत नव्हता. तो लिहिला ‘मार्स ग्लोबल सर्व्हेअर’ने. हे यान सप्टेंबर १९९७ मध्ये पोहोचले. वातावरणाच्या घर्षणाने वेग कमी करत कक्षा लहान करायची, अशी योजना होती. पण त्याचा एक सौरपंख नीट अडकला नव्हता. तो मोडू नये म्हणून घर्षणाचे काम फार सावकाश करावे लागले आणि ते १९९९ च्या सुरुवातीपर्यंत लांबले. त्यामुळे यान शेकडो वेळा शंभर-सव्वाशे किलोमीटर इतक्या खाली उतरले. चुंबकत्वमापक त्या पंखांच्याच टोकांना बसवले होते. मोहिमेचे दुखणे चुंबकत्वाच्या अभ्यासाला पथ्यावर पडले.

पहिल्याच काही फेऱ्यांत ठळक क्षेत्र दिसले आणि मंगळाचे चुंबकीय क्षेत्र सापडल्याचे नासाने जाहीर केले. क्षणभर दोल्गिनोव्ह जिंकले असे वाटावे, अशी ती बातमी होती. पण मारिओ अकुन्या यांच्या गटाने पुढच्या फेऱ्या जोडून पाहिल्या, तेव्हा चित्र निराळे निघाले. क्षेत्र ठिगळाठिगळांनी होते. विशेषतः दक्षिणेच्या जुन्या उंच प्रदेशात, टेरा सिमेरिया आणि टेरा सिरेनमवर, ते त्या उंचीवरही १,५०० नॅनोटेस्लापर्यंत जाई. इतरत्र काहीच नाही. ग्रहव्यापी क्षेत्र विषुववृत्तावर अर्धा नॅनोटेस्लाही भरत नव्हते. दोल्गिनोव्ह यांच्या अंदाजाचा तो शंभरावा हिस्साही नव्हे.

ही ठिगळे म्हणजे खडकांनी जपलेली आठवण. मंगळाच्या पोटातील डायनॅमो कधी काळी चालू होता. त्या काळात थंड झालेल्या खडकांत त्याचा ठसा राहिला. हेलास आणि आर्गीर या महाकाय विवरांत मात्र तो ठसा नाही. ती विवरे सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वीची, म्हणजे तोवर डायनॅमो विझलेला असावा, असा अर्थ बहुतेकांनी लावला. व्हायकिंगचे कोडेही सुटले : मंगळाच्या आयनांबरात सौरवाताचे क्षेत्र शिरते, आणि वायूच्या दाबाला त्या उसन्या क्षेत्राचा दाब मिळून वारा थोपवला जातो. दक्षिणेत खडकांची ठिगळेही हातभार लावतात.

मग कवचाचे काय?

आता सुरुवातीच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येतो. २२ सप्टेंबर २०१४ ला नासाचे ‘मेव्हन’ मंगळाशी पोहोचले. आपले मंगळयान त्यानंतर दोनच दिवसांनी. मंगळयानावर चुंबकत्वमापक नव्हता, पण ‘मेन्का’ या उपकरणाने मंगळाच्या अतिविरळ बाह्य वातावरणाची मोजणी केली. ‘मेव्हन’ने सांगितले की सौरवात आज मंगळाचे सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम वातावरण नेतो, आणि सौरवादळात हे प्रमाण बरेच वाढते. अंतराळात गेलेल्या आर्गॉनच्या हिशोबावरून, मूळ आर्गॉनपैकी सुमारे ६५ टक्के निसटला असावा असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. कवचवाल्यांना हा मोठाच आधार वाटतो.

पण मग शुक्राचे काय करायचे? त्यालाही कवच नाही, तो सूर्याच्या मंगळाहून कितीतरी जवळ आहे, आणि त्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून जास्त आहे. शुक्रावरूनही वायू निसटतो. ‘व्हीनस एक्स्प्रेस’ने मोजलेल्या निसटत्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे प्रमाण साधारण दोनास एक, म्हणजे पाण्यासारखे आहे. पाणी गेले, तरी जड कार्बन डायऑक्साइड राहिला. मंगळाच्या आणि शुक्राच्या नशिबात मोठा फरक चुंबकत्वाने पडलेला नाही. दोघेही त्या बाबतीत सारखेच निर्धन आहेत. मंगळाचे गुरुत्वाकर्षण फार कमी आहे, हा फरक आधी मोजायला हवा.

उलट चुंबकत्वाची दुसरी बाजूही आहे. मोठे चुंबकांबर म्हणजे वाऱ्यापुढे धरलेले मोठे शीड. त्याला जास्त ऊर्जा मिळते आणि तिच्यातली काही ध्रुवांकडून खाली येऊन तिथला वायू बाहेर ढकलते. हर्बर्ट गुनेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे हिशोब मांडून दाखवले की स्वतःचे चुंबकत्व असल्याने वातावरण वाचतेच असे नाही. पृथ्वी, शुक्र आणि मंगळ यांच्यावरून आज निसटणाऱ्या आयनांचे प्रमाण एकमेकांपासून फार दूर नाही. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि पृथ्वीचे चुंबकत्व बिनकामाचे आहे असेही कुणी म्हणत नाही. प्रारणापासून ते आपले रक्षण करते. पण ‘कवच गेले म्हणून हवा गेली’ हे एका ओळीचे उत्तर आता पुरत नाही.

उसन्या चुंबकत्वाचा स्वभाव किती परावलंबी आहे, ते २६ डिसेंबर २०२२ रोजी मंगळावर दिसले. त्या दिवशी सौरवात जवळजवळ थांबल्यासारखा झाला; त्याची घनता शंभर पटीने घटली. ‘मेव्हन’च्या नोंदीनुसार दाब उठताच मंगळाचे चुंबकांबर आणि आयनांबर हजारो किलोमीटर बाहेर फुगले, तिपटीहून मोठे झाले. वारा पुन्हा नेहमीसारखा वाहू लागला, तसे ते परत ग्रहाच्या अंगाशी येऊन बसले.